छत्तीसचा कंडेन्सर

सून शाळेत शिकवायला गेली की घरघंटी माझ्या ताब्यात असते. औशातल्या आमच्या गल्लीच्या बायका दळण माझ्याकडेच आणतात. या कामात फार बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडतं.

त्या दिवशी शेजारणीला घाई होती. घंटीच्या वरच्या भांड्याला सुनेनं पेनानं रेघ मारून ठेवली आहे, तिच्या वर भरायचं नाही. मी काठोकाठ ज्वारी ओतली. बटण दाबलं तर मोटार नुसती घुमली, फिरली नाही. मोटार जळाली, असंच मला वाटलं.

सून आल्यावर मी एवढंच म्हणाले, "बंद पडली." रेघेचं बोलले नाही.

तिनं बोलावलेल्या मेकॅनिकनं प्लग काढला, मागचं झाकण खोललं आणि एक गोल डबी बाहेर काढली.

"काकू, मोटार चांगली हाय. कंडेन्सर गेलाय. बघा, पोट फुगलंय त्याचं."

"म्हणजे जळाली न्हाई?"

"न्हाई हो. ह्यो वीज धरून ठेवतो अन् मोटारीला धक्का देतो. जुना झाला होता, कधी तरी जाणारच."

माझा जीव भांड्यात पडला. त्यानं पिशवीतला नवा कंडेन्सर बसवला. जुन्याहून मोठाच होता. घंटी रिकामी फिरली, पण ज्वारी टाकताच पुन्हा अडकली.

"आता मोटारच खोलून न्यावी लागती," तो म्हणाला.

जुनी डबी माझ्या पायाशी पडली होती. दळण तोलायच्या वजनकाट्यामुळं आकडे वाचायची मला सवय आहे. मी दोन्हींवरचे आकडे पाहिले आणि हळूच सुनेच्या कानात सांगितले.

"माझ्या कानात काय सांगता आत्या, त्यांना सांगा की!"

मग मी त्याच्याकडे वळून बोलले. "जुन्यावर छत्तीस हाय. ह्याच्यावर पंचवीस."

त्यानं वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "डबा बघून लावला की हो मी! धरायची ताकद आकड्यावर असते, डब्यावर न्हाई. काकू, किती शिकलाव?"

"चौथी."

"लई झालं."

त्यानं पिशवीतून छत्तीसचा कंडेन्सर शोधून बसवला, तो लहानसाच निघाला. पण घंटी अशी सुरू झाली की शेजारीण तिच्या दारातून ओरडली, "झाली का गं?" कोमट पीठ हातावर पडलं आणि मला हसू फुटलं.

तो गेल्यावर मी सुनेला सांगून टाकलं, "मी रेघेच्या वर भरलं होतं."

"हाव, आल्या आल्या दिसलं मला. तुम्ही कधी सांगता ते बघून राहिले होते."

शेजारणीची ज्वारी अजून उरली होती. रेघेपर्यंत भरली आणि बटण दाबलं.