मास्तर शेजारच्या सीटवर बसले

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी बावीस वर्षांत निम्म्या गावाला गाडी शिकवली होती आणि उरलेल्या निम्म्याला रस्ता जपून ओलांडायला. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखाली आपला स्वतंत्र ब्रेक ठेवायचा आणि हाताची घडी घालून जिवावर उदार व्हायचं, असा हा धंदा. पन्नासच्या वेगात एका सेकंदाचा उशीर म्हणजे चौदा मीटर, आणि प्यायलेला माणूस तो उशीर बरोबर घेऊनच बसतो, हे ते प्रत्येक तुकडीला पहिल्याच दिवशी सांगत.

मेहुण्यांच्या निवृत्तीच्या जेवणात मात्र, भर दुपारी, मास्तरांनी तीन ग्लास रिचवले. निघताना लेक म्हणाली, टॅक्सी बोलावू. मास्तरांना तो कलेचा अपमान वाटला. बायको म्हणाली, मी चालवते. परवाना तिला मास्तरांनीच मिळवून दिला होता. पण ती इंडिकेटर फार लवकर देते, या कारणावरून किल्ली आजवर दिली नव्हती. मीच चालवणार, असं त्यांनी तीनदा बजावलं. लेकीचा चेहरा उतरला. नातीचा पट्टा दोनदा ओढून बघत ती मागे बसली.

मास्तर ऐटीत ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीपाशी गेले, दार उघडून बसले, पट्टा लावला, हाताची घडी घातली आणि वाट बघू लागले. समोर स्टिअरिंग नव्हतं. ते बाजूच्या रिकाम्या सीटपुढे होतं.

बायको क्षणभर थांबली. मग आवाज न करता वळसा घालून स्टिअरिंगमागे येऊन बसली. मास्तरांनी शिकाऊ माणसाला देतात तशी किल्ली पुढे केली.

"आरसे बघा. घाई करू नका."

"नाही करत," ती म्हणाली. लग्नानंतर प्रथमच नवऱ्याने अहो-जाहो केलं होतं. तिने ते मोडलं नाही.

बेकरीच्या कोपऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ पावाची पिशवी सांभाळत अचानक रस्त्यात उतरले. तिने ब्रेक दाबला. गाडी थांबली. गृहस्थांनी हात वर केला आणि पुढे पाऊल टाकलं. त्यानंतर मास्तरांचा पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर पडला.

नापास विद्यार्थ्याकडे बघावं तसं त्यांनी त्या पायाकडे बघितलं. मीटरचा हिशेब तोंडपाठ होता, म्हणूनच घाम फुटला.

"अगं, मी या बाजूला कसा?"

"सवयीनं," ती म्हणाली. "ही सवय जुनी, ती ग्लासांची नवी. जुनी जिंकली, आपलं नशीब."

मागे लेकीने इतका वेळ धरलेला श्वास सोडला आणि तिला हसू आवरेना. मास्तरांनी वळून झोपलेल्या नातीकडे बघितलं, मान मागे टेकली. त्यांचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी नव्या तुकडीला त्यांनी ही हकिकत सांगितली, अर्थात एका ओळखीच्या मास्तरांची म्हणून. पहिल्या रांगेतली नर्स म्हणाली, त्यांची बायको भलतीच हुशार दिसते.

"आहेच," मास्तर म्हणाले. "आत्ता मला इथं सोडून गेली."