दीड हजार वेळा ऐकलं की एक

अल्बमांची साप्ताहिक क्रमवारी काढणाऱ्या त्या कचेरीत सगळे तिला मोजणीबाई म्हणत. विसाव्या वर्षी ती कॅसेटच्या दुकानात काउंटरवर उभी राहिली. पुढे या कचेरीत आली आणि दर सोमवारी चाळीस दुकानांना फोन लावून कुठला अल्बम किती खपला ते टिपू लागली. तिचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. डाउनलोड आले तेव्हा फारसं अडलं नाही: दहा गाणी विकत उतरवली गेली की एक अल्बम धरायचा. पण फोनवर नुसती ऐकलेली गाणी यादीत घ्यायला साहेबांचा साफ नकार होता.

एका रविवारी ती धाकट्या बहिणीकडे गेली. बहिणीची जुळी दोन महिन्यांची. एक निजलं की दुसरं भोकाड पसरायचं. बहिणीने फोनवर अंगाई लावली आणि दोघंही गपगार.

"कुणी गायलीय गं?"

"कुणी संगीत शिकवणाऱ्या बाई आहेत. दिवसातून दहादा लावते. माझ्या ओळखीच्या सगळ्या आयांकडे हीच चालते."

"अल्बम विकत घेतलास?"

"विकत कशाला, ताई? फोनवर आहे की!"

सोमवारी तिने पाहिलं. आठवड्यात त्या अल्बमच्या जेमतेम चाळीस प्रती गेल्या होत्या. यादीत नाव कुठून असणार! मग तिने फोनवर गाणी ऐकवणाऱ्या कंपन्यांकडून ऐकण्याचा आकडा मागवला. त्याच आठवड्यात नऊ लाख वेळा! कागद घेऊन ती थेट साहेबांच्या खोलीत शिरली.

"फुकट ऐकणं म्हणजे खप नव्हे," साहेब म्हणाले. "शिवाय कुणी फोन सतत चालू ठेवून आकडा फुगवला तर?"

"मी काउंटरवर होते ना साहेब, तेव्हा एक माणूस एकाच अल्बमच्या साठ कॅसेट घेऊन गेला. अल्बम काढणाऱ्या कंपनीचाच माणूस! मी मुकाट्याने साठ लिहिल्या. त्यातली एक तरी कुणी ऐकली असेल का? लबाडी तेव्हाही होतीच. ती पकडायची. म्हणून मोजणं थोडंच सोडायचं?"

"म्हणजे एकदा ऐकलं की एक अल्बम खपला म्हणायचं?"

"छे हो! दीड हजार वेळा ऐकलं की एक. नऊ लाखांचे होतात सहाशे. वर त्या चाळीस प्रती."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "सहा आठवडे करून बघ," एवढंच म्हणाले. सहाव्या आठवड्यानंतर त्यांनी नव्या नियमावर सही केली.

पहिल्या नव्या यादीत अंगाईचा अल्बम आठवा आला. संगीताच्या बाईंचा घाबराघुबरा फोन आला, "काहीतरी घोटाळा झालाय. माझ्या एवढ्या प्रती गेल्याच नाहीत!" मोजणीबाईने त्यांना सगळा हिशेब समजावला. पलीकडे बराच वेळ नुसतं हसणं ऐकू येत होतं.

आठव्यावरून नवव्यावर घसरलेल्या कंपनीच्या मालकाचा फोन मात्र तापलेला होता. "ही अंगाईवाली बाई कोण? हिला ओळखतं कोण?"

"सगळे आकडे पाठवते," ती शांतपणे म्हणाली. "तुमचा माणूस बसवून तपासून घ्या. एक जरी चुकीचा निघाला, तर पुढच्या यादीत माफी छापते."

त्याने माणूस बसवला. चार दिवस तपासलं. पुन्हा काही त्याचा फोन आला नाही.