तुसाचा रोल

रायफलच्या नेमबाजीत तीन स्थिती असतात : पालथं पडून, उभं राहून आणि एका गुडघ्यावर बसून. पडून मला जमत होतं, कारण पडायला कुणालाही जमतं. उभं राहून जमत होतं, कारण हातकणंगले ते कोल्हापूर एसटीत उभं राहूनच मी कॉलेज केलं. गुडघ्यावर बसले की मात्र मी हलायचे.

"नीलिंग लई सोपं हाय," रेंजवरचे सर सांगायचे. "उजवा पाय दुमडायचा, टाचेवर बसायचं. डावा गुडघा म्होरं, त्यावर डावं कोपर. झालं की."

टाचेवर सगळं वजन टाकलं की पाऊल आधी दुखतं, मग बधिर होतं, मग ते आपलं आहे की शेजाऱ्याचं हेही कळत नाही. म्हणून मी वजन चोरायचे. थोडं टाचेवर, थोडं पुढच्या पायावर, उरलेलं देवावर. रायफलची नळी त्यामुळे टार्गेटभर हिंडून यायची.

दुमडलेल्या पायाच्या घोट्याखाली लहानशा लोडासारखी एक उशी ठेवतात. तिला रोल म्हणतात. सर म्हणाले, घरी शिवून आण, आत बाजरी-बिजरी भर.

इथे आमच्या आईबद्दल सांगायला हवं. तिला आप्पा, म्हणजे माझे वडील, सोडून सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही. आम्ही जैन. पाणी गाळून प्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं, दारात मुंग्यांची रांग लागली की आपण वळसा घालून जायचं. आप्पांचं बाजारात बियाणं आणि औषधाचं दुकान आहे. औषध म्हणजे पिकावरच्या किडीवर मारायचं. त्याबद्दल अक्का काही बोलत नाही. संसार बराचसा अशा न बोलण्यावरच चालतो.

माझ्या रायफलबद्दल मात्र ती एकदा बोलली होती.

"नेम कशावर धरतीस?"

"कागदावर."

"आज कागद हाय. पण हात शिकतोय की."

एवढं म्हणून ती भाकरी थापायला वळली. मला ते फार लागलं. शाळेतल्या माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला, मी नुसतं झाड झाले होते त्या नाटकालासुद्धा, अक्का पुढच्या रांगेत बसलेली असायची. रेंजवर ती एकदाही आली नाही. तिनं यावं, एवढंच मला हवं होतं. राज्य स्पर्धेच्या संघात निवड झाली की ती येईल, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिला विचारलं नव्हतं.

रोलमध्ये बाजरी भरायची म्हटल्यावर ती उखडलीच. "अन्नावर पाय दिऊन बसणार? तुझ्या सरास्नी घरात कोण जेवायला घालत न्हाय काय?"

विषय संपला असं मला वाटलं. पण आठवडाभरात तिनं आप्पांची जुनी पँट कापून पिशवी शिवली, भाताच्या गिरणीतून तूस आणलं, ठासून भरलं आणि दाभणानं तोंड बंद केलं. बंदुकीला ती हात लावणार नव्हती, पायाखालचं तेवढं बघणार होती.

"बसायच्या आदी खाली बघत जा," ती म्हणाली. "मुंगी-बिंगी असतीया."

मग मी बघत गेले. आधी चटई तळव्यानं हलकेच झाडायची, नीट निरखायची, मग रोल, मग पाऊल, मग गुडघा. "पूजा मांडतीस काय?" म्हणून सर वैतागायचे. पण रोज तोच क्रम आणि तीच सावकाशी, त्यामुळे पाऊल रोज त्याच जागी पडायला लागलं. तुसात माझ्या घोट्याचा खळगा तयार झाला. एक दिवस सगळं वजन टाचेवर सोडलं आणि नळी थांबली. मला वाटलं, रायफलच बिघडली.

पावसाळा संपता संपता संघातली एकच जागा उरली. उमेदवार दोघी, मी आणि गारगोटीची एक मुलगी. बाकीच्या दोन स्थितींत आम्ही सारख्याच होतो, म्हणून सरांनी नुसत्या नीलिंगची चाचणी ठेवली. वेळ बांधलेली. मी छान मारत होते. शेवटची गोळी उरली तेव्हा दुर्बिणीतून बघणाऱ्या सरांचा चेहराच सांगत होता की मी पुढे आहे.

तेवढ्यात मनगटावर काहीतरी चालायला लागलं. टोका होता, धान्यात होतो तो काळपट किडा. तुसाबरोबर थोडी कणी आली असणार, त्यात ह्यांचं बिऱ्हाड. दाभणाच्या टाक्यातून बाहेर पडून, माझी पँट आणि जॅकेट पार करून तो इथवर आला होता. मी हात झटकला. तो चटईवर पडला आणि सरळ माझ्या गुडघ्याखाली निघाला.

मला त्याची दया आली असं मी म्हणणार नाही. मला त्याचा भयंकर राग आला. पण संध्याकाळी अक्का विचारणार होती, आणि अक्काशी मला खोटं बोलता येत नाही. मी गोळी काढून रायफल खाली ठेवली, टोक्याला बोटावर घेतलं आणि बधिर पायानं लंगडत शेडमागच्या गवतात नेऊन सोडलं. परत आले. चटई, रोल, पाऊल, गुडघा. कोपर टेकवलं आणि सर ओरडले, "थांबा!"

गोळी तशीच राहिली.

"कुठं गेलतीस?" सरांनी विचारलं.

"टोका सोडायला."

सरांनी दुर्बिणीवर झाकण घातलं. मग गारगोटीच्या मुलीला म्हणाले, "स्पर्धेची बॅग भर."

घरी जेवताना सगळं सांगितलं. अक्का खूश होईल, निदान डोक्यावरून हात फिरवील, अशी मला आशा होती.

"तुसावर थोडं औषध मारलं असतं तर..." आप्पा म्हणाले. अक्कानं त्यांच्याकडे बघितलं. आप्पांनी ताटात बघितलं.

"गोळ्या किती राहिल्यात्या?" अक्कानं मला विचारलं.

"एकच."

"मग आदी मारायची की! टोका काय एसटी पकडणार हुता? रुमालात गुंडाळायचा, गोळी मारायची, मग सोडायचा!"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती खरोखर चिडली होती आणि तिचे डोळे भरले होते. मग मलाही रडू आवरलं नाही.

जेवण उरकल्यावर तिनं परसात रोल उसवला. तूस सावलीत पसरलं, म्हणजे ज्यांना जायचं ते जातील. वाळू आणली, चाळली, चाळणीत सापडलेल्या मुंग्या कुंडीत सोडल्या आणि पिशवी ठासून भरली. "वाळूत कोण ऱ्हात न्हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "बसून दाखव."

तिनं मला तसं बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. मी बसायला वाकले, तर तिनं मला थांबवलं आणि पदरानं फरशी स्वतः झाडली. मी बसले. रायफल नव्हती, हात नुसते हवेत धरले. तिनं माझ्या खांद्याला बोटानं ढकलून बघितलं. मी हलले नाही.

"पुढच्या बारीला मी येतो," अक्का म्हणाली. "खालचं मी बघतो. तू म्होरं बघ."