आकडा कुठल्या पानावरचा?

मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एका बाईंनी खानविलकरकाकांना चकलीच्या भाजणीचं प्रमाण सांगितलं. काकांनी हातातली चकली बशीत ठेवली आणि विचारलं, "हे कुठल्या पुस्तकातलं? पान कुठलं?" बाई म्हणाल्या, सासूबाईंचं आहे. "आणि त्यांना कुणी सांगितलं?" बाई उठून चहा आणायला गेल्या त्या परत आल्याच नाहीत. काकांनी मात्र आणखी तीन चकल्या खाल्ल्या.

इथे कॅनडात, कोक्विटलामला, आमची घरं लागून आहेत. मी फार्मसिस्ट, काका निवृत्त मेटलर्जिस्ट. स्वतःच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून झाला की ते माझाही ढकलून टाकत, त्यामुळे मी त्यांना चांगलंच ओळखते असं मला वाटायचं. मग एकदा काकूंनी बेसमेंटमधून आल्याचा डबा आणायला पाठवलं, तर काका तिथे सेफ्टी ग्लासेस लावून काडतुसं भरत बसलेले! वरणभात खाणारा हा माणूस शनिवारी क्लबच्या रेंजवर पिस्तूल चालवतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

माझ्या चौकशीखोर स्वभावाला मेजवानीच मिळाली. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून द्यायची नाही, साफ करून तिच्यात पुन्हा दारू मोजून घालायची आणि वर नवी गोळी बसवायची, एवढं मला समजलं. "आणि दारू जास्त झाली तर?" मी विचारलं. "पिस्तूल हातात फुटतं," काका म्हणाले, वरण जास्त शिजलं म्हणावं तितक्या शांतपणे.

म्हणून दारू किती घालायची, ते प्रत्येक वेळी पुस्तकात बघायचं. एक दारू बनवणाऱ्याचं, दुसरं गोळी बनवणाऱ्याचं, दोन्ही ताज्या आवृत्तीची. पुस्तकात आहे तीच दारू हवी, गोळी त्याच वजनाची हवी. दोन पुस्तकांचं जुळलं नाही तर लहान आकडा धरायचा, आणि सुरुवात त्याच्याही खालून. मी मदत म्हणून फोनवर शोधून एका फोरमवरचा आकडा वाचून दाखवला. "कोण म्हणतो?" कुणी हंटर जो, मी म्हटलं. "त्याची दहा बोटं शाबूत आहेत का, ते विचार आधी," काका म्हणाले आणि मला फोन खिशात ठेवायला लावला.

पुढे त्यांची दृष्टी मंदावली. बारीक अक्षर दिसेना, तेव्हा पुस्तक वाचायला मला बोलावणं यायचं. काका दारू तोलायच्या काट्याशी, मी पुस्तकाशी. त्या दिवशीही मी वाचत होते. टेबलावर आदल्या आठवड्यात त्यांनी एकट्याने भरलेली पन्नास काडतुसं डब्यात मांडलेली होती. मी डब्यावरचं नाव बघून त्या दारूचा जास्तीत जास्त चालेल तो आकडा वाचला.

"ओळ चुकलीस तू," काका म्हणाले. "त्याहून जास्त आहे."

मी बोट ठेवून पुन्हा वाचलं. तोच आकडा.

"अगं, तीस वर्षं भरतोय मी. लक्षात आहे माझ्या!"

त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मला भीती वाटली, त्यांची नाही, त्या पन्नास काडतुसांची. मी हळूच विचारलं, "काका, पान कुठलं?"

काकांनी भिंग घेऊन दारूचा डबा उजेडात धरला. नाव नेहमीचंच होतं, पण नावापुढचा नंबर वेगळा. जुना डबा संपला होता आणि त्याच कंपनीची ही दुसरी जात काकांनी नेहमीची समजून आणली होती. आकडा त्यांना अगदी बरोबर आठवत होता, पण तो जुन्या डब्याचा होता. ती पन्नास काडतुसं त्याच आकड्याने भरलेली होती, आणि शनिवारी ते रेंजवर जाणार होते.

काका तासभर एकेक काडतूस उघडत बसले. गोळी काढायची, दारू वेगळ्या भांड्यात ओतायची, पुंगळी बाजूला ठेवायची. मी मोजत होते. वरून काकू दोनदा जेवायला हाक मारून गेल्या. पन्नासावं झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"काका, मी येत जाईन ना दर वेळी," मी म्हटलं.

"आज तू विचारलंस," ते म्हणाले. "गेल्या आठवड्यात इथे कुणी नव्हतं. आणि मीही स्वतःला विचारलं नाही."

त्याच महिन्यात त्यांनी काडतुसं भरायचं यंत्र आणि काटा क्लबला देऊन टाकला. इथल्या नव्या कायद्याने पिस्तूल आता कुणाला विकता येत नाही, म्हणून पोलिसांना फोन करून रीतसर जमा केलं. मला फार वाईट वाटलं, आणि अपराधीही. काकांना मात्र मी विचारल्याचा अभिमान वाटायचा. पॉटलकला ते सगळ्यांना सांगायचे, "हिने पकडलं मला!"

गेल्या उन्हाळ्यात ते मुलाकडे ओकव्हिलला राहायला गेले. परवा मी फार्मसीत एका लहान बाळाच्या औषधाचा डोस बघत होते. हजारदा दिलेला, तोंडपाठ आकडा. बाळाची आई घाईत होती, रांगही होती. मी म्हटलं, "वन मिनिट," आणि पुस्तक उघडून पान शोधलं.