एका बायकोच्या दोन नोंदी

सैन्यातल्या नोंदी संगणकावर चढल्या त्याचं कौतुक मी पुष्कळ ऐकलं आहे. जवानांचे कागद सांभाळणाऱ्या एका रेकॉर्ड कार्यालयात मी तेव्हा बडा बाबू होतो. आमच्या विभागाचं काम मुदतीआधी पुरं झालं म्हणून मला प्रशस्तिपत्रही मिळालं. ते कसं मिळालं, हे आता सांगितलं पाहिजे.

संगणक नको होता असं मी म्हणत नाही. बदली झालेल्या जवानाचे कागद महिनोन्महिने टपालात फिरायचे, रजेचा हिशेब लागत नसे. पण ज्यांनी ही नवी पद्धत आणली, त्यांनी जवानाच्या घरची रीत विचारायची तसदी घेतली नाही, याचा मला आजही संताप येतो.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. लग्नाची नोंद करताना जवान बायकोचा शाळेचा दाखला जोडी, त्यावर माहेरचं नाव. पुढे मूल झालं की जन्मदाखल्यावर आईचं सासरचं नाव. दुसऱ्या प्रांतातले कारकून यात गोंधळत. मी गोंदियाजवळच्या मुर्रीकडचा, मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अशा फायलीच्या समासात मी पेन्सिलीने लिहून ठेवी, ‘दोन्ही एकच’. विभागात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि वर्षानुवर्षं काम चाललं होतं.

दोन हजार सालानंतर संगणकात नोंदींची भरणी सुरू झाली तेव्हा हुकूम निघाला, शाईत असेल तेवढंच भरायचं. पेन्सिलीचं ग्राह्य नाही, आणि तपासणीआधी फायली स्वच्छ करायच्या. मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, “सर, एकाच बायकोची दोन नावं असतात. एक रकाना वाढवून घ्या.”

ते म्हणाले, “क्या बडे बाबू, आपके यहाँ औरतें भी फरार मुजरिमों की तरह नाम बदलती हैं?”

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. मग जागेवर येऊन खोडरबर घेतलं आणि माझ्या नोंदी माझ्याच हाताने पुसल्या.

पुढे व्हायचं तेच झालं. आमच्याच भागातल्या, चिचगडकडच्या एका नाईकाच्या नावापुढे दोन बायका लागल्या, लग्नाच्या नोंदीतली एक आणि मुलाच्या नोंदीतली दुसरी. पहिली असताना दुसरं लग्न म्हणजे फौजेत मोठा गुन्हा. त्याची हवालदारकीची बढती अडली. त्याने लिहून दिलं की बायको एकच आहे. वरून मला विचारणा आली, मूळ फायलीत तसा काही आधार आहे का? मी ‘नाही’ लिहून सही केली. आधार मीच पुसला होता. तसं कळवलं असतं तर विभागावर ठपका आला असता आणि प्रशस्तिपत्र हातचं गेलं असतं.

चौकशी त्याच्या गावच्या पोलिसांकडे गेली आणि लांबत राहिली. नाईक म्हणूनच त्याची नोकरीची मुदत भरली आणि तो घरी गेला. त्यानंतर कधीतरी नोंद दुरुस्त झाली. ‘दुरुस्ती केली, प्रकरण बंद’ एवढंच त्याला कळवलं. चूक कोणाची, याबद्दल चकार शब्द नाही. आमच्या कार्यालयात मात्र त्याच भरणीच्या यशाचे पेढे वाटून झाले होते.

मी निवृत्त होऊन गावी आलो. एकदा गोंदियात माजी सैनिकांच्या दवाखान्यात रांगेत होतो. पुढची बाई खिडकीतल्या पोराला मोठ्याने सांगत होती, “दोन्ही नावं लिव बापा. एक लिवलं का दुसरी कोन म्हून पोलीस येते.” मग तिने गावाचं आणि नवऱ्याचं नाव सांगितलं आणि मी ओळखलं, ही त्या नाईकाची बायको. बाहेर बाकावर तिला सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पोलीस आंगनात उभा राहून पुसे, पहली वाली कहाँ है. साऱ्या गावाच्या म्होरं. बोरिंगवर बाया म्हनत, आज कोनची आली पान्याले, पयली का दुसरी? माह्या भावानं येनं सोडलं जी. आन् तुमाले मालूम होतं?”

“होतं.”

“मंग माले कायले सांगता? गावात येऊन सांगा.”

गेलो. समाजमंदिराच्या ओट्यावर गावाची सभा होती. मी उभा राहून सांगितलं की ही बाई एकच आहे, पहिलीही हीच आणि शेवटचीही हीच, आणि कागद बिघडवणारा मी. मागून एक म्हातारा ओरडला, “मंग तवा काऊन नाई बोल्लास रे? तोंडात का भरलं होतं?” मी म्हटलं, बक्षीस मिळणार होतं. कोणी हसलं नाही. बोरिंगवर बोलणाऱ्या बायांपैकी एक उठून तिच्याजवळ जाऊन बसली.

तिचा नवरा सभेला आला नव्हता. मी त्याच्या घरी गेलो. तो ओसरीवर बसून होता. त्याने मला बस म्हटलं नाही.

“बायको एक झाली, बेस झालं,” तो म्हणाला. “माह्या हवालदारकीचं का?”

“ती आता मिळत नाही. वय गेलं.”

“मंग जा,” तो म्हणाला.

मी निघालो. ती फाटकापर्यंत आली आणि भावाच्या गावाचं नाव सांगून म्हणाली, “इतवारी तिकडं या. तिथं बी सांगा लागते.”