न पाहता वाचलेला तक्ता

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी मेडिकलच्या रांगेवर चिडणार आहे, गेटपासच्या कागदांवर चिडणार आहे, थोडा भाऊजींवरही चिडणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल की हा माणूस दुसऱ्यांना पुढे करून स्वतः मागे लपतो आहे. तर चूक माझी. भिलाईतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी बाबू आहे, आणि बारा वर्षं मी आमच्या ड्रायव्हरांना डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं कागदावर लिहून देत आलो.

गाव सोडलं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. तुमसर रोडचा फलाट, एक पत्र्याची ट्रंक, तिखटाची पुरचुंडी आणि पोचवायला आलेली आई. मला न्यायला भाऊजी आले होते, माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. ते भिलाईत ट्रेलर चालवायचे. त्यांनी विचारलं, "गाडी दिसते का रे, प्रकाश?" मी ट्रंकेवर बसल्या बसल्या सांगितलं, "नाही." आई म्हणाली, "मान तं वर कर. पाहून सांग." मान वर केली तर गाडी सिग्नलपाशी येऊन उभी होती. भाऊजी इतके हसले की आईलाही हसू आलं. गाडी सुटताना ती रडली नाही. खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाली, "मले वाचता येत नाही मनून मी पाहते. तुमाले वाचता येते मनून तुमी पाहतच नाही."

तेव्हा मला ते बोलणं अडाणीपणाचं वाटलं होतं.

भिलाईतल्या कोहका वस्तीत ताई-भाऊजींच्या दोन खोल्यांत मी चार वर्षं राहिलो. पहिल्या आठवड्यात भाऊजींनी मला त्यांच्या केबिनमध्ये बसवून नंदिनीच्या खाणीपर्यंत फिरवून आणलं. वरून रस्ता किती लांबवर दिसतो, ते मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनीच मला ऑफिसात चिकटवलं, हिंदी शिकवलं, कोणाला 'साहब' म्हणायचं आणि कोणाला 'भैया', तेही शिकवलं. आता माझं स्वतःचं घर आहे. ऑफिसात पूर्ण हिंदी, घरी अर्धी. मुलगी 'बाबा, मैं करून राहिली ना' असलं काहीतरी बोलते आणि आम्ही त्यालाच मराठी म्हणतो. गावाकडून फोनवर तुम्ही विचारता, तिकडे काय करतोस? मी सांगतो, कागद सांभाळतो. ते खरंच आहे.

मेडिकल म्हणजे काय, तेही तुम्हाला सांगायला पाहिजे. जड गाडी घेऊन पोलादाच्या प्लांटच्या गेटातून आत जायचा पास पाहिजे, तर ड्रायव्हर धडधाकट असल्याचा कागद दर वर्षी लागतो. त्यासाठी एका शाळेच्या हॉलमध्ये कॅम्प लागतो. सकाळी सातला रांग. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा पाहिजे, निळा आणला की परत. आधारची झेरॉक्स पाहिजे, झेरॉक्सवर सही पाहिजे, सही निळ्या पेनाची पाहिजे. बीपीच्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर माणूस चार तास उभा, म्हणून बीपी वाढलेलं. मग 'उधर बैठो, शांत हो जाओ' असं ओरडून सांगणार. शांत व्हायला बसला की नंबर जाणार, नंबर गेला की तो भांडणार, भांडला की बीपी पुन्हा वर. उंचीसुद्धा दर वर्षी मोजतात. पन्नाशीच्या माणसाची उंची कुठे जाणार आहे? एका वर्षी आमचा एक ड्रायव्हर कागदावर मागच्या वर्षीपेक्षा चार इंच बुटका भरला आणि तेवढ्यासाठी मला दोन चकरा माराव्या लागल्या.

तक्ता मात्र तोच. कॅलेंडरशेजारी खिळ्याला लटकलेला, खालचा कोपरा फाटलेला. एकदा एका ड्रायव्हरचा चष्मा रांगेतच फुटला, तो तक्त्यावर नापास झाला आणि त्याच्यामागे मी तीन दिवस फिरलो. वैतागून तक्त्याच्या खालच्या चार ओळी डायरीत उतरवून घेतल्या. पुढच्या वर्षी सगळ्यांना दिल्या. माझ्या मनात पाप नव्हतं, हे सांगायचा मोह होतो आहे. पण मनात काहीच नव्हतं, हीच तर गोष्ट आहे. डोळे ठीकच असतील, त्रास फक्त रांगेचा आहे, असं मी धरून चाललो. पाहिलं नाही.

मेडिकलच्या आदल्या दिवशी यार्डात चहाबरोबर पाठांतर चालायचं. भाऊजी पुढे, बाकीचे मागे, पाढे म्हणावे तसे. "प, र, ग, न, व, ट!" कोणी म्हणायचं, "काका, उलटा सुनाओ." भाऊजी उलटंही म्हणून दाखवायचे आणि वर म्हणायचे, "शाळेत येवढं पाठ केलं असतं तं आज कलेक्टर असतो बे. प्रकाशनं उशिरा शिकवलं."

मागची दोन वर्षं भाऊजी एकच तक्रार करत होते. डावा आरसा खराब आहे. मी आरसा बदलून दिला. पुन्हा तेच. पुन्हा बदलला. मग एका दुपारी त्यांनी ट्रेलरची डावी बाजू यार्डाच्या फाटकाच्या खांबाला घासली. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी सगळ्यांसमोर बोललो, "भाऊजी, ध्यान कुठं राहते तुमचं? दोन आरसे झाले ना!" ते खांबाकडे बघत राहिले. म्हणाले, "खांब दिसलाच नाही रे." मी ऐकलं, आणि लॉगबुकात 'मामूली खरोंच', किरकोळ ओरखडा, असं लिहिलं. मला वाचता-लिहिता येतं ना.

या वर्षी डोळे तपासायला नवी मुलगी होती, रायपूरहून आलेली. मी दाराशी फॉर्मवर शिक्के घेत होतो. आमच्यातला पहिला नंबर भाऊजींचा होता. ते समोर येताच तिने त्यांचा उजवा डोळा झाकायला लावला आणि म्हणाली, "चलिए अंकल, शुरू कीजिए." भाऊजी छाती काढून उभे राहिले आणि सुरू झाले. प, र, ग, न, व, ट. एक ओळ, दुसरी ओळ, न अडखळता.

मी मान वर केली. भिंतीवर नवा तक्ता होता. त्यावर एकही अक्षर नव्हतं. नुसते तीन दात्यांच्या काट्यासारखे आकार, कोणाचं तोंड वर, कोणाचं खाली, आणि तोंड कुठे आहे ते हाताने दाखवायचं. ज्याला तक्ता दिसतो, असा कोणीही तिथे अक्षर म्हणणार नाही.

तिसऱ्या ओळीवर रांगेतलं कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळा हॉल हसला. भाऊजींना वाटलं, आपण छान म्हणतो आहोत म्हणून हसतात. तेही हसले आणि चौथी ओळ म्हणाले. ती मुलगी हसली नाही. हळू आवाजात म्हणाली, "अंकल, यहाँ तो एक भी अक्षर नहीं है."

मग तिने टॉर्च लावून बराच वेळ डोळा पाहिला. विचारलं, "किसने रटवाया आपको?" मी तीन हातांवर होतो, छातीशी फायली धरून. भाऊजी म्हणाले, "किसी ने नहीं. इतने साल में अपने आप हो गया, बेटा." मी पुढच्या फॉर्मवर शिक्का घेतला. माझ्या हातातल्या सोळा फायलींत अक्षरांच्या सोळा चिठ्ठ्या होत्या.

परत येताना ऑटोत मीच त्यांच्यावर डाफरलो. "डाव्या डोळ्यानं दिसत नोतं तं सांगाचं नाही का? कावून नाही सांगितलं?"

"मले तरी कुठं मालूम होतं? दोन्ही उघडे ठेवले का बराबर दिसते. कॅम्पात तं तक्त्याकडं पाहाची गरजच नोती." मग म्हणाले, "अन् तूच तं मनत होता, टेन्शन नका घेऊ, म्या देतो ना लिहून."

मोठ्या दवाखान्यात सांगितलं, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढून आतली नस मरते, दुखत नाही, कळत नाही. डावा डोळा गेला, परत येणार नाही. उजव्याला जन्मभर थेंब टाकले तर तो टिकेल. डॉक्टर सहज बोलून गेले, "दो-तीन साल पहले पकड़ में आ जाता तो वो भी बच जाता." कॅम्प दर वर्षी होत होता. पकडायलाच होत होता. शिव्या खात, शिक्के मारत, चार तास उभं करून का होईना, त्या रांगेच्या टोकाला भाऊजींचा डोळा वाचवायची एक जागा होती, आणि ती मी बंद करून ठेवली होती.

भाऊजींच्या हातून ट्रेलर कायमचा सुटला. ताई शेजारणींना सांगत होती, "बरं झालं माया भाऊ संगं होता, सगळं त्यानंच पाह्यलं." मी मान हलवली. ताईपुढेही मान हलवली.

असे पाच आठवडे गेले. मग मुलीचा, सुजाताचा, फॉर्म आला. कॉलेजातून पहाड चढायच्या कोर्सला निघाली होती, त्यासाठी डॉक्टरच्या सहीचा तब्येतीचा फॉर्म. ती सगळ्या रकान्यांत झराझरा 'नहीं' लिहीत सुटली. दम्याच्या रकान्यातही. हिवाळ्यात तिची छाती वाजते, रात्र रात्र आम्ही तिला टेकवून बसवतो. मी फॉर्म ओढून घेतला आणि ओरडलो, "वर चढल्यावर दम लागला तं कोण येईल? डॉक्टरले खरं सांगाले काय होते?"

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, ये आप बोल रहे हो? फूफाजी को चार्ट किसने रटवाया था? यार्डातल्या सगळ्यांले मालूम आहे. फूफाजी को भी." फूफाजी म्हणजे भाऊजी.

तिने फॉर्म खोडून खरा भरला. डॉक्टरने तिला पंप दिला, थंडी संपेपर्यंत थांबवलं, आता ती बॅग बांधते आहे. 'मान वर कर' म्हणणाऱ्या आईच्या जागी मी नाही, ती होती त्या दिवशी.

घर कोणतं, असं तुम्ही गावाकडचे विचारता, आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले आपसांत विचारतात. आई गेल्यावर गावची खोली पडली, तिथे आता माझं काही नाही. कागदावर घर भिलाईचं. पण मला वाटतं, जिथे मला कोणीतरी मान वर करून बघायला लावतं, ते माझं घर. आधी ते फलाटावर होतं. मग कोहक्याच्या त्या दोन खोल्यांत होतं, आणि पाच आठवडे मी तिकडे पाय टाकला नव्हता.

फॉर्म भरला त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी गेलो. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं होतं, दोनदा पाठ केलं होतं. भाऊजी बाजेवर बसले होते. ताईने नुकतेच थेंब टाकले होते, म्हणून डोळे मिटलेले. मी "जयभीम, भाऊजी" म्हणालो, जवळची खुर्ची ओढून बसलो आणि सुरू केलं, "भाऊजी, बऱ्याच दिवसांपासून मला आपल्याशी एका विषयावर..."

ते मिटल्या डोळ्यांनीच हसले. "काय रे, पाठ करून आला का?"

मग त्यांनी डोळे उघडले आणि दाराकडे पाहिलं, मग समोर. माझ्याकडे नाही. मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो होतो. हातभर अंतरावर, आणि त्यांना मी दिसत नव्हतो.

कागद खिशात घातला. खुर्ची उचलून बाजेला वळसा घालून उजवीकडे आणली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. ताई थेंबाची बाटली हातात धरून दारात थांबली होती. मी भाऊजींच्या डोळ्यांकडे पाहिलं. दोन्ही सारखेच दिसत होते.

"भाऊजी, अक्षरं म्या लिहून देत होतो. तुमी आरसा मनत होते, खांब मनत होते, म्या पाह्यलं नाही. त्या दिवशी हालमध्ये तुमी मले वाचवलं अन् म्या तोंड उघडलं नाही, वरून ऑटोत तुमालेच बोललो. तुमचा डोळा मायामुळं गेला. मले माफ करा. ताई, तू बी माफ कर."