उपास आणि भाकरी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. नगरच्या दवाखान्यात माझी बायको अत्यवस्थ होती. ती वाचावी म्हणून मी नुसत्या चहावर उपास धरला होता. शेजारच्या खाटेवरच्या मुलीची आई, जामखेडकडची, रोज दुपारी जिन्यात बसून ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि कांदा डोळे पुसत सावकाश चावून खायची.

"लेक तिकडं तडफडतेय, अन् तुम्हाला घास उतरतो कसा?" मी सगळ्यांदेखत बोललो.

"उतरत न्हाई दादा, उतरवावा लागतो. मी पडले तर तिला उचलंल कोन?"

संध्याकाळी बायकोला उठवताना मलाच भोवळ आली. धावत येऊन तिनंच बायकोला सावरलं. मग अर्धी भाकरी माझ्यापुढं ठेवली. मी खाली मान घालून खाल्ली, पण 'चुकलो, ताई' एवढं काही तोंडातून निघालं नाही.